साथीच्या दिवसांतील आमचे घर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बेहाला येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा आम्ही प्रथम नकारच कळविला होता. आम्ही काही वक्ते नव्हेत. आमच्यांपैकी एक परिचारिका, दुसरा इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करणारा. आमची उभी हयात रुग्णांच्या खाटांमध्ये आणि काचेच्या नळ्यांमध्ये गेली. परंतु कार्यवाहांनी सांगितले की, पन्नास वर्षांच्या इतिहासात ज्या एका वर्षी आपल्या मंडळाचा गणपती घरच्या घरी बसला, त्या वर्षाविषयी कोणीतरी बोलले पाहिजे. ते खरे वाटले. म्हणून आज बोलतो एकजण आहे, पण मजकूर दोघांचा आहे. ‘आम्ही’ म्हणतो ते त्या अर्थाने. ज्यांच्याविषयी बोलायचे त्या आमच्या आई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. भाषण लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखविले आहे आणि दोन ठिकाणी त्यांनी दुरुस्त्याही केल्या आहेत.

आपल्यापैकी बहुतेकांना आमचे घर ठाऊक आहे. वडील मुंबईच्या टांकसाळीतून तारातल्याजवळच्या अलीपूर टांकसाळीत बदलून आले; ती टांकसाळ १९५२ साली सुरू झाली, आणि वडील त्यानंतर काही वर्षांनी आले. पुढे आई वाईहून लग्न होऊन थेट बेहाल्यास आल्या. त्या काळी गलाईच्या धंद्यासाठी सांगलीकडून आलेली दोनचार कुटुंबे, रेल्वेतले काही, बंदरातले काही, एवढाच आपला गोतावळा होता. घर साधे आहे. खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे लहानसे अंगण. आणि वर गच्चीवर जिन्याच्या तोंडाशी एक खोली, जिला इकडे चिलेकोठा म्हणतात. त्या चिलेकोठ्यात पन्नास वर्षे जुनी पातेली, गणपतीचे मखर आणि वडिलांची टाइम्सची कात्रणे पडून होती. मार्च २०२० मध्ये आम्ही ती खोली एका दुपारी रिकामी केली आणि तिच्यात राहावयास गेलो.

कलकत्त्यात पहिला रुग्ण १७ मार्च २०२० रोजी आढळला. २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी झाली. आमच्या घरी त्या वेळी आई होत्या, वय अठ्ठ्याहत्तर, वीस वर्षांचा मधुमेह, रक्तदाब. आणि आमचा मुलगा, वय नऊ. पहिल्याच आठवड्यात आम्हांला एवढे कळून चुकले होते की हा रोग म्हाताऱ्या माणसांना आणि मधुमेह्यांना अधिक छळतो. आणि दुसरे हे की, ताप येण्याच्या एकदोन दिवस आधीच रोगी माणूस इतरांना रोग देऊ शकतो. या दुसऱ्या गोष्टीने आमची झोप उडविली. इतर साथींत माणूस आजारी दिसला की त्याला दूर ठेवता येते. येथे धडधाकट दिसणारा, कामावरून घरी आलेला मुलगा किंवा सून हीच भीती होती. रस्त्यावरच्या परक्या माणसापासून आईंना वाचविणे सोपे होते. त्या बाहेर जातच नव्हत्या. त्यांना वाचवायचे होते ते आमच्यापासून.

इस्पितळात जाणे हाही एक खटाटोपच होता. माझेरहाटचा पूल ४ सप्टेंबर २०१८ रोजी कोसळला होता आणि नवा पूल डिसेंबर २०२० पर्यंत खुला झाला नाही. त्यामुळे बेहाल्यातून शहरात जायचे म्हणजे एरव्हीही वळसाच. टाळेबंदीत लोकलगाड्या बंद, बसगाड्या बंद. इस्पितळाची एक गाडी चौरस्त्यावर पहाटे येई. ती चुकली तर आम्ही डायमंड हार्बर रोडने चालू लागत असू. ज्या रस्त्यावर एरव्ही पाऊल ठेवायला जागा नाही तो रस्ता त्या दिवसांत असा रिता होता की आपल्याच चपलांचा आवाज ऐकू यावा.

आता घरातील व्यवस्था सांगतो. मागच्या दाराने यायचे. चपला अंगणात, कपडे साबणाच्या पाण्याच्या बादलीत, मग गच्चीवरच्या नळाखाली आंघोळ. जेवण खालून दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर येई. आमची ताटे आम्हीच घासत असू आणि ती खाली जात नसत. औषधांचे वेळापत्रक भिंतीवर. आईंचे इन्सुलिन पूर्वी सूनबाई टोचीत. आता फोनवर चित्र पाहत पाहत त्या स्वतः टोचावयास शिकल्या, नातू सुईवरचे आकडे वाचून दाखवी. भाजी मिठाच्या पाण्यात, दुधाची पिशवी साबणाने, आणि वर्तमानपत्र बंद. यातले निम्मे अनावश्यक होते हे पुढे कळले. रोग मुख्यतः हवेतून, श्वासातून पसरत होता, आणि आम्ही दोडक्याला साबण लावीत होतो. मार्च महिन्यातच आरोग्यसेवकांनी प्रतिबंधासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घ्यावे अशी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची सूचना आली. आम्हीही त्या गोळ्या काही आठवडे श्रद्धेने घेतल्या. पुढे त्यांचा उपयोग नसल्याचे दिसून आले. परंतु त्या वेळी ज्याला जे सुचेल ते तो करीत होता, आणि आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी मनुष्य जरा अधिकच करतो.

आई संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसत आणि आम्ही गच्चीच्या कठड्याशी उभे राहत असू. फोनवर बोलणे त्यांना मानवत नसे. माणूस दिसला पाहिजे असे त्यांचे म्हणणे. अशाच एका संध्याकाळी त्यांनी आपल्या आजीची गोष्ट सांगितली. वाईकडे प्लेग आला की घरात उंदीर मरून पडू लागत, आणि उंदीर पडला की गाव उठे. भांडीकुंडी, गुरे, म्हातारी माणसे, तान्ही पोरे, सारे घेऊन लोक रानात झोपड्या बांधून राहत; महिना दोन महिने गाव ओस. आजीचे एक बाळंतपण अशा झोपडीतच झाले होते. प्लेग उंदरावरच्या पिसवांमुळे माणसाला होतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत प्रयोग करून दाखविले, आणि ते शास्त्रज्ञांना पटावयास आणखी काही वर्षे लागली. पण उंदीर पडला की घर सोडावे हे आमच्या खेड्यांतील लोकांना आधीच उमगले होते. आई म्हणाल्या, “त्या वेळी माणसं घर सोडायची, पण सगळी बरोबर असायची. आता घर आहे तिथंच आहे, आणि माणसं वर-खाली.” मग थोडे थांबून म्हणाल्या, “आणि या खेपेचे उंदीर म्हणजे तुम्ही दोघं!” आम्ही हसलो. नातू सर्वांत जास्त हसला. पण त्या रात्री आम्हां दोघांना बराच वेळ झोप लागली नाही.

त्याच दिवसांत सावित्रीबाई फुले यांची आठवण वारंवार होत असे, आणि ती केवळ जयंती-पुण्यतिथीची आठवण नव्हती. नायगाव हे त्यांचे माहेर आमच्या आईंच्या माहेरच्याच सातारा जिल्ह्यातले. पुण्यात प्लेग आला तेव्हा त्यांचे दत्तक पुत्र यशवंतराव डॉक्टर झालेले होते आणि सैन्यात नोकरीला होते. ते आले, आणि हडपसरच्या बाजूला, सासने यांच्या माळरानावर, वस्तीपासून दूर त्यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड नावाच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, त्यातून त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आपण ही कथा त्यागाची कथा म्हणून ऐकत आलो आहोत आणि ती तशी आहेच. पण २०२० साली आम्हांला ती निराळ्या बाजूने दिसू लागली. डॉक्टर मुलगा, आणि त्याच्या दवाखान्यात त्याची सहासष्ट वर्षांची आई. आजच्या कोणत्याही नियमपुस्तकाप्रमाणे त्या बाईंना पहिल्या दिवशीच तेथून दूर ठेवले गेले असते. पण जी बाई आयुष्यभर कोणाच्या सांगण्याने उंबऱ्याआड राहिली नाही, तिला तिचा मुलगा उंबऱ्याआड कसा ठेवणार? म्हातारे माणूस म्हणजे केवळ जपून ठेवावयाची वस्तू नव्हे, त्याचीही काही इच्छा असते; हे त्या कथेत उघड लिहिलेले आहे. आम्ही मात्र ते तेव्हा वाचले नाही. वाचले ते फार उशिरा, आणि कसे ते पुढे सांगतो.

कलकत्त्यातही १८९८ साली प्लेग आला होता. पुण्यात घराघरांत शिरून रोगी बाहेर काढण्याच्या ज्या जुलमी तपासण्या झाल्या त्यांची वार्ता येथवर पोचलेली होती, त्यामुळे लोक रोग्यांना लपवीत, शहर सोडून पळत. लपविणे हाही घरच्या माणसाला वाचविण्याचाच एक प्रकार होता, हे आपण विसरता कामा नये. १८९९ साली भगिनी निवेदिता बागबाजारच्या गल्ल्या झाडून काढीत होत्या, आणि डॉक्टर राधागोविंद कर यांनी एका झोपडीत त्यांना प्लेगने आजारी असलेले मूल मांडीवर घेऊन बसलेले पाहिले, ही हकीकत या शहरात आजही सांगितली जाते. निवेदितांचे धैर्य थोर. परंतु रात्री परतल्यावर ज्याला आपल्यामुळे काही होईल असे वृद्ध आईबाप त्यांच्या बागबाजारच्या घरी नव्हते. रोग्याला भिणे आणि आपण घरी काय घेऊन जात आहोत याला भिणे, या दोन निरनिराळ्या भीती आहेत. पहिली भीती आठ दिवसांत मोडते. दुसरी मोडत नाही. ती रोज जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी असते.

येथे आमच्या इस्पितळातील एका मासीविषयी बोलले पाहिजे. कक्षात केर काढणाऱ्या, रोग्यांचे अंग पुसणाऱ्या, मेलेल्या माणसाला गुंडाळणाऱ्या बाईला इकडे मासी म्हणतात. तिचे घर म्हणजे वस्तीतील एक खोली. त्यात नवरा, मुलगी आणि दम्याने आजारी सासू. आम्ही तिला नियम समजावून सांगितले. वेगळी खोली, वेगळे ताट, वेगळा संडास. तिने सारे ऐकून घेतले आणि विचारले, “दिदी, वेगळी खोली कुठली?” नंतर तिने स्वतःच मार्ग काढला. सासूला दक्षिणेकडच्या आपल्या गावी पोचती केली आणि आपण इस्पितळातील कपडे बदलण्याच्या खोलीत पथारी टाकली. लोकलगाड्या मार्चमध्ये थांबल्या त्या ११ नोव्हेंबर २०२० पर्यंत सुरू झाल्या नाहीत. ऑगस्टमध्ये सासू गावी वारली. करोनाने नव्हे, दम्यानेच. मासीला निरोप तिसऱ्या दिवशी मिळाला. आम्हांलाही तेव्हाच कळले. गाडीची काही सोय करता आली असती का, हा विचार आम्ही नंतर पुष्कळ केला, पण नंतरच. आमच्याजवळ गच्चीवर एक खोली होती, तिच्याजवळ नव्हती. बाकी काळजी सारखी, माया सारखी, आणि नियमांचे ज्ञानही शेवटी सारखेच. आमच्या शिस्तीचे पुढे पुष्कळांनी कौतुक केले. ते कौतुक बरेचसे त्या खोलीचे आहे.

शेजाऱ्यांविषयी फार बोलण्याचा विचार नाही. पाड्यात दोन्ही प्रकारची माणसे निघाली. कोणी सुचविले की आम्ही काही महिने इस्पितळातच राहावे. आणि ज्यांच्याशी आमची कधी धड ओळख नव्हती अशा एका घरातून आईंना रोज सकाळी फुले येत, फाटकाला अडकविलेल्या पिशवीतून. आमच्या एका सहकारी परिचारिकेला घरमालकाने दोन दिवसांत खोली सोडावयास सांगितले. अशा गोष्टी देशभर एवढ्या झाल्या की २२ एप्रिल २०२० रोजी सरकारला अध्यादेश काढून आरोग्यसेवकांवरील हल्ले आणि त्यांना घराबाहेर काढण्याचे प्रकार दंडनीय ठरवावे लागले. गंमत अशी की ज्या कायद्यात ही दुरुस्ती झाली तो १८९७ चा साथरोग कायदा, मुंबई-पुण्याच्या प्लेगातूनच जन्मलेला. तेव्हा तो सरकारला लोकांच्या घरात शिरता यावे म्हणून केला होता. सव्वाशे वर्षांनी त्याला आमच्यासारख्यांना आमच्याच घरात राहू द्या असे सांगावे लागले. मे महिन्यात मणिपूरच्या पुष्कळ परिचारिका कलकत्त्यातील नोकऱ्या सोडून आपल्या घरी निघून गेल्या, तेव्हा वर्तमानपत्रांत त्यांना नावे ठेवणारे लिहिले गेले. आम्ही त्यांना कधी नावे ठेवली नाहीत. आमचे घर इस्पितळापासून काही मैलांवर होते. त्यांची आई हजार मैलांवर होती.

मग अम्फान आले. २० मे २०२० ची ती संध्याकाळ बेहाल्यात कोणी विसरणार नाही. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा. चिलेकोठ्याचे पत्रे रात्री आठच्या सुमारास उडाले आणि आम्ही दोघे भिजत जिन्यात येऊन बसलो. खाली आई आणि मुलगा दाराच्या आत, आम्ही दाराच्या बाहेर. वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही. पंप बंद म्हणून पाणी नाही. झाडे पडून गल्ल्या बंद, आणि लोक रस्त्यावर उतरून वीज-पाण्यासाठी ओरडत होते. दोन महिने जपलेले सारे सोवळे त्या आठवड्यात वाहून गेले. एकाच विहिरीवर पन्नास माणसे. आम्ही खालच्या खोलीत राहिलो, तोंडाला फडके बांधून, खिडक्या उघड्या टाकून, आईंपासून जेवढे लांब बसता येईल तेवढे लांब. त्या आठवड्यात आई फार आनंदात होत्या. अंधारात, उकाड्यात, डासांत त्या रात्री उशिरापर्यंत गप्पा मारीत. पत्रे बसविले आणि आम्ही पुन्हा वर गेलो, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. नुसते म्हणाल्या, “जा, तुमची हवा आली.” या वाक्यातील रुसवा आम्हांला ऐकू आला नाही असे नव्हे. पण तापमान, ऑक्सिजन आणि साखर यांची जी वही आम्ही ठेवली होती, तिच्यात रुसव्याचा रकाना नव्हता.

जुलै महिन्यात, रात्री अडीचच्या सुमारास, आई न्हाणीघरात पडल्या.

पूर्वी रात्री त्या उठल्या की सूनबाईंना जाग येत असे. शेजारच्याच खोलीत ती झोपे. त्या रात्री नऊ वर्षांचा मुलगा उठला आणि त्याने जिन्यातून हाक मारली. आम्ही धावत खाली आलो आणि दाराशी थांबलो. मुखपट्टी, हातमोजे, वरचा झगा. हे सारे खिळ्याला टांगलेलेच असे, परंतु चढवावयास वेळ लागतोच. आणि घाईत झग्याची गाठ बसत नव्हती. आई फरशीवर होत्या. दार उघडे होते. त्या आमच्याकडे पाहत होत्या आणि आम्ही गाठी बांधीत होतो. तीन मिनिटे असतील, चार असतील. या दोन दुरुस्त्यांपैकी एक आईंनी येथेच केली, आम्ही ‘बराच वेळ’ असे लिहिले होते, त्या म्हणाल्या, “बराच नव्हे रे, थोडाच. मी मोजत होते.”

खुब्याचे हाड मोडले होते. ज्या इस्पितळाच्या हवेपासून त्यांना चार महिने दूर ठेवले, तेथेच आम्ही त्यांना उचलून नेले. शस्त्रक्रियेआधी घशातील स्रावाची तपासणी सक्तीची, आणि अहवालास दोन दिवस. तोवर पायाला वजने लावून त्या पडून राहिल्या. तपासणी आमच्याच यंत्रावर झाली. दुसऱ्या कोणाला तरी ती करू द्यावी असे सहकारी म्हणत होते, ते आम्ही ऐकले नाही. अहवाल निर्दोष आला. शस्त्रक्रिया झाली, बाराव्या दिवशी आई घरी आल्या, चौकटीच्या आधाराने चालू लागल्या. आजही त्याच चौकटीने चालतात.

एका दाराशी आम्ही चार महिने पहारा दिला आणि दुसरे दार सताड उघडे राहिले. मोतीबिंदू, मधुमेहाने बधिर झालेले पाय, न्हाणीघरातील शेवाळ, रात्रीचा अंधार, हे सारे आम्हांला ठाऊक होते, व्यवसायच तो. पण साथीच्या दिवसांत एका रोगाखेरीज दुसरे काही माणसाला होऊ शकते हे आम्ही, आणि आमच्यासारख्या पुष्कळांनी, जणू विसरून टाकले होते. आणि याहून मोठी चूक ही की, आईंना कसे राहावयाचे आहे हे आम्ही त्यांना विचारलेच नव्हते. खोल्यांची वाटणी, टोपली, ताटे, सारे आम्ही गच्चीवर ठरवून त्यांना खाली कळविले. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनीच आम्हांला समोर, खिडकीपाशी बसविले आणि म्हणाल्या, “आता मी सांगते, तुम्ही लिहून घ्या.”

त्यांची योजना अशी होती. दोघांनी एकाच वेळी करोनाच्या कक्षात काम करावयाचे नाही. वरिष्ठांना सांगून पाळ्या अशा लावून घ्यावयाच्या की एकजण तेथे असताना दुसरा दूर असेल. जो कक्षात असेल तो वर. कामाचा आठवडा संपल्यावर आणखी एक आठवडा वर काढावयाचा, मग तपासणी, मग खाली. खाली असणाऱ्याने मुखपट्टी लावून, सर्व खिडक्या उघड्या ठेवून, रात्री दाराशी झोपावयाचे. आणि संध्याकाळी एक तास तिने किंवा त्याने आपल्याजवळ बसावयाचे, चार हात लांब चालेल. पण त्या तासात साखर, ताप, ऑक्सिजन यांविषयी बोलावयाचे नाही. न्हाणीघरात पकडावयास दांडी, आणि रात्री दिवा. एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, सातवी शिकलेल्या बाईने सांगितलेल्या या योजनेत रोगशास्त्राच्या दृष्टीने काढण्यासारखे आम्हांला काही सापडले नाही. वरिष्ठांनी पाळ्या बदलून दिल्या. ते मागितल्यावर मिळाले असते, ही गोष्ट मार्चमध्ये आम्हांला सुचली नव्हती.

अंतर ठेवणे खोटे होते असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. त्या वर्षी न्यायालयाच्या आदेशाने दुर्गापूजेच्या मंडपांत प्रेक्षकांना मज्जाव झाला. बेहाल्याच्या पूजा दुरूनच पाहाव्या लागल्या. तरीही पूजेनंतर इस्पितळात गर्दी वाढली आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्यातील परिचारिकेला करोना झाला. सतरा दिवस ती चिलेकोठ्यात होती. चौथ्या दिवशी ऑक्सिजन त्र्याण्णवपर्यंत उतरला आणि मग सावरला. ती त्या आठवड्यात कक्षात होती म्हणून वर होती, आणि वर होती म्हणून खाली कोणाला काही झाले नाही. आईंच्या पाळ्यांच्या हिशेबाने त्या दिवशी आईंनाच वाचविले.

पुढे एक अभ्यास वाचनात आला. स्कॉटलंडमध्ये मार्च ते जून २०२० या काळात कामाच्या वयाच्या जितक्या लोकांना करोनामुळे इस्पितळात दाखल व्हावे लागले, त्यांत सुमारे १७ टक्के, म्हणजे साधारण सहांत एक, आरोग्यसेवक किंवा त्यांच्या घरचे लोक होते. आणि रुग्णांशी प्रत्यक्ष संबंध येणाऱ्या सेवकांच्या घरच्यांना, संबंध न येणाऱ्यांच्या घरच्यांपेक्षा, हा धोका सुमारे पावणेदोन पट होता. जिन्याच्या पहिल्या पायरीवरची ती भीती खोटी नव्हती, हे आकड्यांत वाचून एक विचित्र समाधान वाटले. त्याच देशातील पुढचा अभ्यास अधिक सुखाचा आहे. आरोग्यसेवकाला लसीची पहिली मात्रा दिल्यावर, त्याच्या घरातील, लस न घेतलेल्या माणसांतही करोनाचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. सुई सुनेच्या दंडात, आणि आडोसा सासूला.

आमच्याकडे ती सुई १६ जानेवारी २०२१ पासून सुरू झाली. चार दिवस आधी, १२ तारखेला, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून निघालेल्या पेट्या विमानाने कलकत्त्यात उतरल्या होत्या. आईंनी ती बातमी दूरदर्शनवर पाहिली. १ मार्चपासून साठ वर्षांवरील लोकांना लस मिळू लागली आणि दुसऱ्याच आठवड्यात आम्ही आईंना घेऊन गेलो. चौकट घेऊन त्या रांगेत तासभर उभ्या राहिल्या. खुर्ची देऊ केली ती नाकारली. टोचणाऱ्या बंगाली मुलीला त्यांनी बाटली दाखवावयास सांगितली, चष्मा लावून पाहिली, आणि आपल्या बेहालाई बंगालीत म्हणाल्या, “आमच्या पुण्याची आहे. दुखणार नाही.” दुखले. दोन दिवस हात वर होत नव्हता. पण ते त्यांनी तिसऱ्या दिवशी सांगितले.

दुसरी मात्रा होऊन पंधरा दिवस झाल्यावर आम्ही चिलेकोठा सोडला. मखर आणि पातेली परत वर गेली; कात्रणे पावसात भिजली होती ती टाकली. पहिल्या रात्री मुलगा आमच्यात झोपावयास आला आणि बऱ्याच वेळाने उठून पुन्हा आजीकडे गेला. वर्षभरात त्याला तीच सवय झाली होती. मग आम्हीच सतरंजी उचलली आणि आईंच्या खाटेखाली टाकली. दिवा मालविला. आईंना झोप लागली असावी असे वाटले, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “दार लोटून घ्या, डास येतात.”